पेढी आणि निवृत्ती : श्रीमद् राजचंद्र
सौराष्ट्रातील ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले श्रीमद् राजचंद्र मुंबईतील हिरे-मोत्यांच्या पेढीचे भागीदार होते. मन एकांताकडे ओढ घेई. तथापि कुटुंबाची व भागीदारांची जबाबदारी अर्ध्यावर टाकणे त्यांना रुचेना. म्हणून त्यांनी मध्यममार्ग स्वीकारला. पेढीची व्यवस्था लावून ते काही काळ काविठा, राळज, वसो अशा गावी एकांतवास करीत आणि पुन्हा व्यवहारात परतत. अशाच निवृत्तिकाळात १८९६ साली नडियाद येथे १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धि शास्त्र’ सिद्ध झाले. पुढे ते व्यापारातून पूर्ण निवृत्त झाले. परंतु १९०१ साली राजकोट येथे वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचा देहान्त झाला. उसंत आपोआप लाभत नाही, ती हिशेब चोख ठेवून काढावी लागते, हाच आपणा व्यापाऱ्यांना बोध होय.