हस्सू खाँ : एका तानेची किंमत
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंच्या ख्यालगायनाचा मोठा दबदबा होता. आजोबा नत्थन पीरबख्श लखनौहून ग्वाल्हेरला आले होते आणि त्यांच्याच तालमीत ही मुले वाढली. मात्र त्यांच्या तानेचा उगम घराबाहेरचा. बडे महंमद खाँ हे तानबाजीसाठी विख्यात. आपली विद्या ते सहजासहजी कोणास देत नसत. परंपरा असे सांगते की, महाराजांनी या भावांना पडद्याआड बसवून ते गाणे ऐकविले आणि काही महिन्यांतच ती तान त्यांच्या गळ्यात उतरली. बडे महंमद खाँना अर्थातच ती चोरी वाटली.

त्याचा सूड पुढे एका मैफलीत उगवला, असे म्हणतात. हस्सू खाँनी मियाँमल्हारात ‘कडक बिजली’ नावाची अतिशय अवघड तान घेतली. बडे महंमद खाँनी तोंडभर स्तुती करून तीच तान पुन्हा घेण्याचा आग्रह धरला. ती घेताना हस्सू खाँची बरगडी मोडली आणि तोंडातून रक्त आले. आजोबांनी शेल्याने ते पुसले आणि मरायचेच असेल तर तान पुरी करून मर, असे नातवाला बजावले. तान पुरी झाली. हस्सू खाँ मात्र त्या दुखण्यातून उठले नाहीत.

ही आख्यायिकाच. तरीही शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती अगदीच अशक्य नाही. तान गळ्यातून निघत असली तरी तिचा भार छातीवर असतो. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, बरगड्यांच्या 12 जोड्यांचा पिंजरा वर-बाहेर उचलला जातो, आतला दाब घटतो आणि हवा फुप्फुसांत शिरते. शांत श्वासात ही हवा सुमारे अर्धा लिटर असते. गवई तिच्या कितीतरी पट भरून घेतो. खरी कसोटी यापुढे. ताणलेली फुप्फुसे आपोआप आकसू पाहतात आणि सारी हवा एकदम निसटू शकते. म्हणून बरगड्यांमधले स्नायू पिंजरा उघडा धरून तिला आवर घालतात. हवा सरत आली की पोटाचे स्नायू श्वासपटल वर रेटतात. दोन्हीकडून ओढ बसते ती बरगड्यांना. नुसत्या जोराच्या खोकल्यानेही बरगडी मोडल्याचे वैद्यकाला ठाऊक आहे, आणि मोडलेले टोक फुप्फुसात रुतले तर रक्त तोंडावाटे येऊ शकते. आजोबांचा करारीपणा कथेत गौरविला जातो. आज तो ऐकताना अंगावर काटाच येतो.

हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडून ही गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मिळाली, आणि बुवांकडे मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. गोव्याला लागून असलेल्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांनी मात्र थेट ग्वाल्हेर गाठले आणि हस्सू खाँच्याच घराण्यातील निसार हुसेन खाँकडे तालीम घेतली.