कॉर्नफ्लेक्सच्या मागचा डॉक्टर साखरेचा कट्टर विरोधक होता, त्यावरून सख्ख्या भावाशी कोर्टात भिडला

सकाळच्या घाईत दुधात कॉर्नफ्लेक्स टाकून खाणारे आपल्याकडेही कमी नाहीत. पण त्या खोक्यावर जे केलॉग नाव असतं, ते एका माणसाचं नाही. ते दोन भावांचं आडनाव आहे आणि त्यावरून दोघं वर्षानुवर्षं भांडले.

थोरला भाऊ म्हणजे डॉ. जॉन हार्वे केलॉग. जन्म 1852 चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर झाला आणि 1876 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, बॅटल क्रीक या गावातल्या आरोग्यकेंद्राचा प्रमुख झाला. हे केंद्र सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं होतं. केलॉगने त्याचं असं काही नाव केलं की हेन्री फोर्ड, एडिसन यांच्यासारखी माणसं तिथे येऊन राहिली.

तिथले नियम कडक होते. मांस, चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद. वर थंड पाण्याचे उपचार, विजेच्या दिव्यांची आंघोळ, हलणाऱ्या खुर्च्या. आतडी साफ राहिली की माणूस निरोगी, यावर डॉक्टरांचा ठाम विश्वास. म्हणून दही थोडं खायला द्यायचं आणि थोडं एनिमातून चढवायचं!

धाकटा भाऊ विल हिशेब, पत्रव्यवहार, व्यवस्था असं सगळं सांभाळायचा. डॉक्टर सायकलवरून फेऱ्या मारत सूचना द्यायचे आणि विल शेजारून पळत त्या लिहून घ्यायचा. पगार बेताचा, मान त्याहून कमी.

1894 मध्ये रुग्णांसाठी पचायला हलका नाश्ता शोधताना उकडलेला गहू तसाच पडून राहिला. तो रोलरमधून काढला तर प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी निघाली. ती भाजली आणि फ्लेक्स तयार झाले. पुढे गव्हाच्या जागी मका आला. पेटंट मात्र डॉक्टरांच्या नावावर झालं.

याच केंद्रात रुग्ण म्हणून राहून गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टने असल्याच पदार्थांचा धंदा सुरू करून बक्कळ पैसा कमावला. विल हे बघत होता. त्याने फ्लेक्समध्ये साखर घातली आणि 1906 मध्ये स्वतःची कंपनी काढली. डॉक्टर भडकले, कारण त्यांच्या लेखी साखर म्हणजे विषच. मग केलॉग हे नाव कोणी वापरायचं यावरून खटले झाले. 1920 मध्ये निकाल विलच्या बाजूने लागला.

मग डॉक्टर बरोबर होते की चूक? तंबाखू वाईट, चोथा असलेलं अन्न चांगलं, व्यायाम हवाच, हे त्यांनी फार आधी सांगितलं आणि ते खरं ठरलं. पण दह्याचा एनिमाही त्यांनी तितक्याच खात्रीने दिला. आणि हीच खात्री पुढे भयंकर ठिकाणी गेली. माणसांचा वंश सुधारायचा म्हणून त्यांनी संस्था काढली, 1914 मध्ये परिषद भरवली आणि काही माणसांना मुलं होऊच नयेत, या विचाराला बळ दिलं. पुढे अमेरिकेत अशाच विचारांच्या कायद्यांखाली हजारो लोकांची जबरदस्तीने नसबंदी झाली.

1930 च्या दशकातल्या मंदीत त्यांचं केंद्र दिवाळखोरीत गेलं. 1942 मध्ये ती मोठी इमारत अमेरिकी सैन्याने घेतली. 14 डिसेंबर 1943 ला डॉक्टर गेले, वयाच्या 91 व्या वर्षी.

जाण्याआधी त्यांनी विलला माफीचं लांबलचक पत्र लिहिलं होतं. पण यात डॉक्टरांचा कमीपणा दिसतो असं वाटून सेक्रेटरीने ते पाठवलंच नाही. विलच्या हातात ते पडलं, तेव्हा थोरला भाऊ या जगात नव्हता.