राजवाड्यांचा वारसा आणि गावोगावची दप्तरे

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे एक लहानसे स्थानक लागते. नृसिंहाच्या पुरातन मंदिरामुळे हे गाव पंचक्रोशीबाहेरही ज्ञात आहे. अनेक घराणी या देवाला आपले कुलदैवत मानतात आणि पिढ्यान्पिढ्या दर्शनाला येतात. देवस्थानाचे माहात्म्य मुखोमुखी चालत आले आहे. परंतु अशा गावाचा लिखित इतिहास कोठे शोधावयाचा, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकास केला, तर शिक्षकाची पंचाईत झाल्यावाचून राहणार नाही. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील गावांचे कागद त्रिस्थळी विखुरलेले आहेत. वतनदारांच्या आणि पुजाऱ्यांच्या घरी मोडी, तालुक्याच्या कचेरीत मोडी आणि उर्दू, तर हैदराबादच्या दप्तरखान्यात फारसी आणि उर्दू. यांपैकी सरकारी कागदांना निदान कुलूप आणि छप्पर तरी आहे. घरोघरीच्या कागदांना वाली नाही. एकेकाळी या निर्वाली कागदांसाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांचे नाव.

राजवाड्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले. २०२६ च्या अखेरीस त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दी म्हटली की पुतळा, हार आणि भाषणे यांचा क्रम ठरलेला असतो. राजवाड्यांसारख्या पुरुषाच्या बाबतीत एवढ्यावर भागणार नाही. त्यांनी काय लिहिले, यापेक्षा त्यांनी काय वाचविले, आणि काय त्यांच्या हातूनही निसटले, याचा हिशेब मांडणे हीच त्यांची खरी पुण्यतिथी ठरेल.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र अगदी बालपणीच हरपले. शिक्षण पुण्यात, काही काळ मुंबईत, आणि शेवटी डेक्कन कॉलेजात झाले. परीक्षेसाठी नेमलेली पुस्तके वाचण्यापेक्षा ग्रंथालयातील नेमून न दिलेली पुस्तके वाचण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. त्यामुळे पदवी हाती पडावयास वेळ लागला. पुढे काही दिवस त्यांनी शिक्षकाचे काम केले. १८९४ मध्ये त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. जगातील थोर ग्रंथ मराठीत आणावेत, ही त्यामागील आकांक्षा होती. प्लेटोच्या ग्रंथाचे मराठी रूपांतर त्यांनी त्यातूनच दिले. मासिक तीनचार वर्षांत बंद पडले. पत्नीचे निधन तर त्यापूर्वीच झालेले होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, पुन्हा नोकरीही धरली नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले लेखन मराठीतच करावयाचे, हा निश्चय मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

याच सुमारास वाईमध्ये त्यांना पानिपतच्या काळातील मराठी पत्रांचे एक दप्तर पाहावयास मिळाले, आणि त्यांच्या जीवनाची दिशा निश्चित झाली. १७५० ते १७६१ या काळातील ती पत्रे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने १८९८ मध्ये पहिल्या खंडाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तोपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाची मदार मुख्यत्वे दोन गोष्टींवर होती. एक म्हणजे ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा ग्रंथ, आणि दुसरी म्हणजे आपल्या बखरी. बखर ही बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकीव माहितीवर आणि कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. पत्राची गोष्ट वेगळी. लढाईच्या छावणीतून खर्चीसाठी तगादा लावणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याचा पत्ताही नसतो, म्हणूनच त्याच्या शब्दाला साक्षीचे मोल येते. हा विवेक राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत मांडला. बखरींतील तिथी, नावे आणि आकडे त्यांनी अस्सल पत्रांशी ताडून पाहिले आणि त्यांतील चुका एकामागून एक दाखवून दिल्या. मराठी इतिहासलेखनाला त्या दिवशी नवी शिस्त लाभली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या क्षेत्रात ते एकटे नव्हते. काशिनाथ नारायण साने यांनी 'काव्येतिहाससंग्रहा'च्या द्वारे बखरी उजेडात आणल्या होत्या. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरे चाळीत होते. साताऱ्यास पारसनीस कागदपत्रे जमवीत होते. परंतु राजवाड्यांचा मार्ग सर्वांत खडतर होता. पेशव्यांचे प्रचंड दप्तर पुण्यातच होते, पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात असून संशोधकांना त्याची दारे बंद होती. सरकारी दार बंद आहे म्हणून हात जोडून बसणे राजवाड्यांच्या स्वभावात नव्हते. सरकारपाशी जेवढे कागद आहेत त्याहून अधिक रयतेच्या घरी असले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जोशी, मठपती यांची घरे हाच त्यांचा दप्तरखाना झाला. गावोगाव पायपीट करावी, मिळेल तेथे उतरावे, हाताने शिजवून खावे आणि माळ्यावरचे रुमाल सोडवून बसावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

हे काम दिसते तितके सरळ नव्हते. वतनाचा कागद बाहेर गेला तर वतन जाईल, ही धास्ती घरोघर होती. अर्धा हिस्सा भाऊबंदाला द्यावा लागेल असा एखादा निवाडा त्याच रुमालात दडलेला असावयाचा. त्यामुळे मालक कागद दाखवावयास नाखूष असे. उलट, ज्याला त्या कागदाचे काहीच वाटत नसे, त्याच्या घरी वाळवीने आणि कसरीने आपले काम आधीच उरकलेले असे. अशा घरांतून मिळालेल्या कागदांचे राजवाड्यांनी बावीस खंड सिद्ध केले. सुमारे दोन दशके हे प्रकाशन चालू होते, आणि त्यामागे ना संस्थानाचा खजिना होता, ना विद्यापीठाचे अनुदान.

एका माणसाच्या आयुष्यात हे काम संपणारे नाही, हेही त्यांना उमगले होते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद मिळवावा, वाचावा, चारचौघांसमोर मांडावा, त्यावर वाद व्हावा आणि मग तो छापावा, ही परंपरा मंडळाने रुजविली. घरगुती कागदाचे मोल काय असते, हे मंडळाच्या आरंभीच्या काळातच दिसून आले. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरी सांभाळलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली. शिवजन्माच्या तिथीचा वाद ज्या आधारांवर पुढे १९ फेब्रुवारी १६३० या दिनांकापर्यंत आला, त्यांत या शकावलीला अग्रस्थान आहे. एका घराने काही पाने जतन केली, आणि साऱ्या महाराष्ट्राला आपल्या राजाचा जन्मदिवस गवसला.

मराठवाड्याशी राजवाड्यांचा संबंध दोन गोष्टींमुळे अविस्मरणीय झाला आहे. पहिली गोष्ट महानुभावांच्या ग्रंथांची. गोदावरीच्या काठाने हा पंथ वाढला, आणि आद्य मराठी गद्य त्याच्या मठांतून जपले गेले. परंतु ते सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. ज्या लिपीने ग्रंथांचे रक्षण केले, तिनेच ते समाजापासून दूरही ठेवले. या सांकेतिक लिपीचा उलगडा करणाऱ्यांत राजवाडे अग्रभागी होते. ते कुलूप उघडल्यानंतर मराठी भाषेच्या इतिहासाला एक नवीन प्रांतच सापडला.

दुसरी गोष्ट बीडची. तेथील पाटांगण या स्थानी राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ही पोथी त्यापूर्वीची आहे, असे राजवाड्यांचे मत झाले. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही सिद्ध केले. पुढे १९६० मध्ये शासनाने ज्ञानेश्वरीची जी प्रत प्रसिद्ध केली, तीही राजवाडे प्रतीवरच आधारलेली होती. एवढे यश मिळूनही या कथेला एक दुःखद शेवट आहे. ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. ती खरोखर किती जुनी होती, राजवाड्यांनी वाचले तेच अक्षर तिच्यात होते काय, या शंका कागद, शाई आणि वळण पाहून मिटविता आल्या असत्या. आता त्या केवळ छापील पुस्तकावरून मिटणाऱ्या नाहीत. अस्सल कागदाखेरीज पुरावा नाही, असे आयुष्यभर सांगणाऱ्या पुरुषाच्या सर्वांत प्रसिद्ध पोथीचा अस्सलच नाहीसा व्हावा, यापरते दुर्दैव कोणते?

हा दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. राजवाडे स्वभावाने तापट आणि एकमार्गी होते. मंडळ स्थापन केले, परंतु मतभेद होताच ते त्यापासून दूर झाले. त्यांच्या प्रस्तावनांत वर्णाभिमान डोकावतो, आणि काही सिद्धांत तर पुराव्याच्या फार पुढे धावतात. त्याच वेळी विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहून सनातन्यांचा रोष ओढवून घेण्यासही ते कचरले नाहीत. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' यांच्या प्रस्तावना आजही वाचनीय आहेत, पण त्या वाचताना वाचकाने सावध असावे लागते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यास मराठी धातूंच्या आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत घालविली. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापिले आणि त्यांचा ठेवा सांभाळला.

येथेच राजवाड्यांच्या चरित्राचे मर्म आहे. त्यांचे कित्येक निष्कर्ष आज कोणी मान्य करीत नाही, परंतु त्यांचे खंड बाजूस सारून एकाही अभ्यासकाला पुढे जाता येत नाही. त्यांनी छापलेल्या महजरांत पाटलाची नांगराची निशाणी आहे, आणि तिच्यासोबत बलुतेदारांच्याही निशाण्या आहेत. राजवाड्यांचे लक्ष बहुधा वतन आणि घराणे यांवर खिळलेले होते. पुढील पिढीतील अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या इतिहासकारांनी तशाच कागदांतून शेतकरी, बलुतेदार आणि गावगाडा यांचा इतिहास उभा केला. मत लिहिणाऱ्याबरोबर जुने होते. कागद मात्र, तो शिल्लक असेल तर, प्रत्येक पिढीच्या नव्या प्रश्नाला उत्तर देत राहतो. बीडच्या पोथीच्या बाबतीत अशा उत्तराला आपण कायमचे मुकलो आहोत.

हा केवळ पंडितांचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी २०२३ साल आठवावे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि कचेऱ्याकचेऱ्यांतील जुने रुमाल एकाएकी सोडण्यात आले. जन्ममृत्यूची पुस्तके, शाळेचे दाखले, महसुलाचे कागद यांना कधी नव्हे ते महत्त्व आले. शोध हैदराबादपर्यंत गेला. मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची वाण किती आहे, हेही त्या निमित्ताने उघड झाले. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद ठरली. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाने टाकाने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या तरुणाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा निर्णय करू शकते. ती ओळ ज्या गावात वाळवीने खाल्ली, त्या गावातील तरुणाने दाद कोणाकडे मागावी?

गरज लागली की रुमाल सोडावयाचे आणि गरज सरली की पुन्हा माळ्यावर टाकावयाचे, ही रीत आता सोडली पाहिजे. शासनाच्या पुराभिलेखागारांनी आपले काम करावेच. परंतु राजवाड्यांचा खरा धडा असा की, दप्तरखाना गावातच असतो आणि त्याची राखण गावातूनच सुरू व्हावी लागते. प्रत्येक गावात शाळा आहे, ग्रामपंचायत आहे, बहुतेक ठिकाणी देवस्थान आहे. एखाद्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गावात कोणाकडे कोणते कागद आहेत याची साधी यादी केली, तरी निम्मे काम झाले. मालकाचा कागद मालकाच्याच घरी राहावा, त्याचे छायाचित्र मात्र अभिलेखागारात आणि शाळेत असावे. पूर्वी नक्कल करावयास बोरू आणि महिनोन्महिने लागत, आज खिशातील फोन ते काम घटकेत करतो. पण नक्कल झाली म्हणून अस्सल टाकून देऊ नये, हे बीडच्या पोथीने शिकविले आहे. महाविद्यालयांनी मोडीचे वर्ग चालवावेत, आणि मराठवाड्यात तरी त्यांच्या जोडीला जुन्या उर्दू लेखनाचेही शिक्षण द्यावे.

पोखर्णीच्या नृसिंहाचे दर्शन घेऊन परतणारा भाविक आपल्या कुळाचे नाव सांगतो, गोत्र सांगतो. आपले घराणे या गावाशी केव्हा आणि कसे जोडले गेले, हे मात्र त्याला बहुधा सांगता येत नाही. ते सांगणारा एखादा कागद कोणाच्या तरी फडताळात अजून असेल. तो शोधावयास आता दुसरे राजवाडे येणार नाहीत. ते काम त्या फडताळाच्या धन्यानेच आणि त्याच्या गावच्या शिक्षकानेच करावयाचे आहे.