प्रोफेसर हॉल्डेन आणि रक्तपेशींचे कोडे

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन ह्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील नामांकित शरीरशास्त्रज्ञ. आपल्या दीपनगरात विजेसाठी जो कोळसा जळतो, तसला कोळसा खणणाऱ्या मजुरांच्या श्वासाची काळजी वाहणारे ते गृहस्थ! एकदा खाणीत त्यांनी मुलास उभे राहून शेक्सपियरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलगा धापा टाकीत कोसळला, आणि जमिनीस टेकताच त्यास बरे वाटू लागले. खाणीतील ज्वालाग्राही वायू हलका असून छताशी साचतो, हा धडा त्यास असा मिळाला.

पुढे त्यांनी गणित व ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, हे केवळ गुणपत्रिकेकडे पाहणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावे. पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. नंतर केंब्रिज व लंडन येथे अध्यापन करीत असता रक्तातील आम्लता अभ्यासण्यासाठी त्यांनी स्वतःच अमोनियम क्लोराइड प्राशन केले!

आम्हां खानदेशवासीयांशी त्यांचे नाते जुळते ते मात्र एका तर्कामुळे. रक्तातील तांबड्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात सुखरूप राहतात. मीठ पुरेसे कमी केले की पाणी आत शिरून त्या फुगतात व फुटतात. थॅलेसेमियाचा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असल्यास मनुष्यास सहसा त्रास होत नाही. परंतु त्याच्या पेशी लहान असून अळणी पाण्यातही सहजी फुटत नाहीत. ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून नळीमागील काळी रेघ स्पष्ट दिसते की नाही हे पाहण्याची साधी चाचणी ह्याच गुणावर आधारलेली आहे. दोष दोघांकडूनही आला, तर मूल मरणपंथास लागे. मग असा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? ह्या चिवट पेशी हिवतापाच्या जंतूंसही दाद देत नसाव्यात, असे हॉल्डेन ह्यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सुचविले.

१९५४ साली अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेल, म्हणजे कोयत्यासारख्या वाकणाऱ्या पेशींच्या दोषाविषयी, हिवतापापासून असेच संरक्षण मिळत असल्याचे दाखविले. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल व पावरा बांधवांत आढळणारा तो हाच विकार. तो शाप नव्हे, की कुळाचा कलंक नव्हे. हिवतापाशी झुंजलेल्या पूर्वजांचा तो वारसा आहे. तथापि वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून रक्ततपासणी लपविण्याची नव्हे, विवाहापूर्वी करून घेण्याची गोष्ट आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ह्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आरंभिली.

१९५७ साली हॉल्डेन भारतात आले व पुढे येथील नागरिक झाले. ते शाकाहारी बनले, भारतीय पोशाख करू लागले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.