ताराबाईंचे अंगण



स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहायचे ठरले, तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आले, ताराबाई मोडक. आपल्या शाळेतून बाहेर पडल्यावर मी वर्ध्याजवळच्या एका खेड्यात बालवाडी चालवली. तिथे त्यांनीच मला सांभाळून घेतले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. लग्नानंतर त्या काही वर्षे आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पण ते मानाचे पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली इकडे सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम बालवयापर्यंत नेण्याचा विचार झाला, आणि त्याच वर्षी ताराबाईंनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी हातपाय धुणे, आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे; मग गाणी, गोष्टी, खेळ. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या सरकारी योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर पोचले.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका चार वर्षांच्या मुलीला मळके हात म्हणून मी सर्वांसमोर रांगेतून बाजूला काढले. ती आठ दिवस आली नाही. घरी गेले तेव्हा कळले, आई पहाटेच कापूस वेचायला जाते आणि घरात पाण्याचा एकच हंडा. त्या आठवड्यात ताराबाईंचे चरित्र पुन्हा वाचले. त्यांनी अस्वच्छ मुलाला परत पाठवले नव्हते, पाणी घेऊन त्या त्याच्या दारी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दारात बादली, मग्गा आणि साबण ठेवला, आणि सर्वांत आधी स्वतःचे हात धुतले. मग मुलांनी धुतले. खाऊआधी, शौचाहून आल्यावर, मातीत खेळून झाल्यावर, रोज. ती मुलगी परत आली. महिन्याभरात तीच धाकट्या भावाचे हात धुऊन देऊ लागली.

आता मी निवृत्त झाले. बालवाडीच्या दारातली बादली मात्र अजून तिथेच आहे.