रुसणाऱ्या यंत्राचा माग

काचेची एक नळी, तिच्यात धातूचा कीस आणि दोन्ही टोकांना तारा. १८९० च्या दशकात बिनतारी लहरी पकडण्याचे हेच प्रमुख साधन होते. लहर आली की किसाचा विद्युतरोध एकदम उतरे आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हले. पुढची लहर टिपायची तर नळीला टिचकी मारून कीस पुन्हा विस्कटावा लागे. 'कोहीरर' या नावाचे हे यंत्र स्वतःही लहरीच होते. आज ठणठणीत चाले, उद्या कारणाशिवाय मुके होई. बहुतेक संशोधक टिचकी मारून पुढे जात. कलकत्त्यातील आचार्य जगदीशचंद्र बोस मात्र यंत्र रुसते कशाने, या प्रश्नापाशी थांबले. या थांबण्याने त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आजच्या बांगलादेशात जन्मलेल्या बोस यांना वडिलांनी आवर्जून बंगाली शाळेत घातले. केंब्रिजमध्ये लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, पण भारतीय म्हणून त्यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, शिकवणे मात्र चालू ठेवले. अखेर सरकारने पूर्ण वेतन थकबाकीसह मान्य केले.

प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती एक अडगळीची खोली, आणि मदतीला एक कारागीर. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्यास सारा प्रयोग टेबलावर मावेल, हे बोस यांनी ओळखले. लहरी जितक्या लहान, तितके दोष छळणारे. ठिणगी पाडणारे गोळे सततच्या ठिणग्यांनी खराब होत, म्हणून त्यांनी एका वेळी एकच ठिणगी पाडण्याची सोय केली. भरकटलेल्या लहरी मापन बिघडवू नयेत, म्हणून ठिणगीचे यंत्र धातूच्या पेटीत बंद केले. कीस टाकून देऊन पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एका ओळीत बसवल्या. स्क्रूने दाब आणि त्याबरोबर विद्युतप्रवाह नेमका जुळवता येऊ लागला. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली, दारू पेटवली. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना व्याख्यानास बोलावले.

१८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांचा असा संवेदक रॉयल सोसायटीपुढे मांडला, जो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होई. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणारा संवेदकही त्यांनी घडवला. शोधावर हक्क सांगणे त्यांना रुचत नसे. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचा आर्थिक लाभ घेण्याचे त्यांनी मनावर घेतले नाही. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणांचा इतिहास याच पेटंटाचा उल्लेख करतो.

तपासाचा धागा पुढे सरकला तो निराळ्याच दिशेने. सतत वापरला की संवेदक मंदावतो आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होतो, हे बोस यांना वारंवार दिसले. हा निव्वळ धातूचा दोष की स्नायूच्या थकव्यासारखे काही? १९०० च्या पॅरिस परिषदेत त्यांनी निर्जीव आणि सजीव पदार्थांच्या प्रतिसादातील साम्य मांडले. शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. वनस्पतींच्या प्रतिसादांवरील त्यांचे पुढचे प्रयोग नावाजले गेले, पण धातूलाही सजीवासारखी संवेदना असते, हा निष्कर्ष विज्ञानाने स्वीकारला नाही. इथे बोस पुराव्याच्या पुढे गेले, असे म्हणावे लागते. तरीही निरीक्षण खोटे नव्हते. संवेदक खरोखरच मंदावत होते.

१९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या जागतिक संघटनेने १८९४ ते १८९६ मधील त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना 'मैलाचा दगड' म्हणून गौरवले.