रे. गॉर्डन हॉल : परक्या गावी रुजलेले जीवन

मंडळीतला एखादा तरुण प्रथमच दूरच्या गावी सेवेस निघतो, तेव्हा निरोपाच्या प्रार्थनासभेत सर्वांचे डोळे पाणावतात. समजा, त्याची नेमणूक बालाघाट जिल्ह्यात परसवाड्याला झाली आहे. भोवती जंगल, गोंड व बैगा लोकांच्या वस्त्या, कानांवर पडणारी बोली वेगळी. पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात येते की निरोपाच्या दिवशी अंगात संचारलेला उत्साह येथे फार दिवस पुरणारा नाही. बोललेले कोणाला नीट समजत नाही, पाणी मानवत नाही, रात्री घरची आठवण झोपू देत नाही. महिने जातात आणि अहवालात लिहावे असे काही घडत नाही. मग मनात विचार येतो, मी येथे कशाला आलो?

हा प्रश्न नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एका तरुणालाही त्याला तोंड द्यावे लागले. त्याचे नाव गॉर्डन हॉल. अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु पाया घालणारा मनुष्य रोज कसा जगला, याचा विचार आपण क्वचितच करतो.

गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. विल्यम्स कॉलेजात ते शिकले आणि १८०८ साली पदवीधर झाले. त्या कॉलेजात त्या वेळी सॅम्युएल मिल्स व त्यांचे मित्र परदेशी लोकांस सुवार्ता सांगण्यासाठी प्रार्थना करीत असत. अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठविणारी संस्था तोवर नव्हती. तरुणांच्या आग्रहामुळे १८१० साली अशी संस्था, म्हणजे अमेरिकन बोर्ड, स्थापन झाली. हॉल यांना मायदेशातच एका मंडळीने पाळकपदासाठी बोलावले होते. घर, मान, ओळखीची माणसे, सर्व काही त्यात होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांची दीक्षा झाली : अदोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, लूथर राइस आणि गॉर्डन हॉल. त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून निघाले. हॉल यांचे जहाज ऑगस्टमध्ये कलकत्त्यास पोहोचले. पुढे काय होणार, याची त्यांना कल्पना नव्हती.

कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मिशनऱ्यांमुळे लोक चिडतील आणि व्यापारास व राज्यास धोका होईल, अशी कंपनीला भीती होती. त्यातच त्या वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले, आणि अमेरिकन मनुष्य म्हणजे शत्रूच्या देशातला मनुष्य ठरला. पाच मित्रांची ताटातूट झाली. जडसन व राइस बाप्तिस्त मताचे झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले, राइस मायदेशी परतले. न्यूएल पत्नीसह मॉरिशसला निघाले. त्यांची पत्नी हॅरिएट तेथेच वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी वारली. हॉल आणि नॉट मुंबईकडे आले.

फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. पण त्यांच्या पाठोपाठ कलकत्त्याहून हुकूम आला की या दोघांना इंग्लंडला पाठवावे. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे भाविक गृहस्थ होते. मिशनकार्याविषयी त्यांना सहानुभूती होती, पण वरचा हुकूम मोडणे त्यांना शक्य नव्हते. महिन्यांमागून महिने अनिश्चिततेत गेले. आज जहाज सुटेल की उद्या, हे माहीत नाही. कामाला हात घालावा तर परवानगी नाही. अशा स्थितीत त्या दोघांनी एक घाई केली. गुपचूप एका गलबतात बसून ते सिलोनला जाण्यासाठी निघाले आणि कोचीनपर्यंत पोहोचले. तेथून त्यांना परत मुंबईला आणण्यात आले. गव्हर्नर नाराज झाले, आणि त्यात नवल नव्हते.

वाचकहो, थोरांच्या चरित्रातील असा प्रसंग आपण सहसा गाळतो. तो गाळू नये. परक्या देशात अडकलेला तरुण धीर सोडून वाट चुकू शकतो. हॉल यांचा मोठेपणा यात आहे की परत आणल्यावर ते रागावून बसले नाहीत. त्यांनी गव्हर्नरांना पत्र लिहून आपली बाजू सविस्तर मांडली. भाषा आदराची होती, पण मागणी स्पष्ट होती. सुवार्तेच्या सेवकांना घालवून देण्याचा जाब एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला एक दिवस देवापुढे द्यावा लागेल, याची आठवण त्यांनी करून दिली. त्यांची रवानगी लांबणीवर पडली. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १८१३ सालीच कंपनीच्या नव्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली होती. शेवटी १८१४ साली त्यांना मुंबईत राहण्याची मुभा मिळाली.

आता खरे काम सुरू झाले, आणि ते अगदी बारीक होते. ते म्हणजे भाषा शिकणे. आज मराठी शिकणाऱ्या परदेशी मनुष्याला कितीतरी साधने मिळतात. त्या वेळी मोल्सवर्थसाहेबांचा मोठा कोश निघालेला नव्हता. तो १८३१ साली निघाला. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले होते, तेवढाच आधार. बाकी सारे पंडिताच्या तोंडून व बाजारातल्या माणसांच्या तोंडून शिकायचे. पोथ्या बाळबोध लिपीत, तर रोजचा पत्रव्यवहार व हिशेब मोडीत. ज्याने कॉलेजात विद्वत्तेबद्दल नाव मिळविले होते, त्याला आता लहान मुलासारखे अक्षरे गिरवावी लागली आणि चुकीच्या उच्चाराबद्दल हसू सोसावे लागले. हा नम्रतेचा धडा कोणत्याही धर्मशास्त्राच्या विद्यालयात मिळत नाही.

बोलता येऊ लागताच हॉल रस्त्यात, बाजारात, देवळांजवळ आणि जत्रांच्या ठिकाणी जाऊ लागले. लोक जमत, वाद घालत, कधी थट्टा करीत आणि निघून जात. दुसऱ्या दिवशी हॉल पुन्हा तेथेच उभे. येथील धर्माविषयी त्या काळच्या अनेक मिशनऱ्यांप्रमाणे त्यांनीही कठोर लिहिले. आज आपण तसे लिहिणार नाही, लिहूही नये. पण ज्या लोकांविषयी ते लिहीत, त्यांच्यापासून ते दूर राहिले नाहीत. दिवसच्या दिवस ते त्यांच्यातच काढीत.

साथीदार मात्र टिकत नव्हते. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट १८१५ साली परत गेले. मॉरिशसहून सिलोनमार्गे आलेले न्यूएल हेच काही काळ हॉल यांचे एकमेव सोबती होते. १८१६ साली होरेशिओ बार्डवेल आले. त्यांना छपाईचे काम येत होते. मिशनने छापखाना उभा केला आणि १८१७ साली पवित्र शास्त्रातील भागांची एक लहानशी मराठी पुस्तिका छापून बाहेर पडली. मुंबईतील मराठी छपाईच्या इतिहासात त्या छापखान्याला मानाचे स्थान आहे. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात कामाचे पहिले धडे घेतले.

शाळांचे काम १८१५ सालापासून सुरू झाले होते. गरज पडली तेथे मिशनने हिंदू पंतोजीही नेमले. हिंदू मुलांबरोबर बेने इस्राएल समाजाची मुलेही या शाळांत येत. १८२४ साली मुंबईत मुलींसाठी शाळा काढली गेली. हॉल यांच्या मृत्यूनंतर, १८२७ साली, मिस सिंथिया फॅरार यांनी येऊन हे काम पुढे नेले. पुढे अहमदनगर येथील त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्वतः मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे अनेकांस ठाऊक आहे. एका बीजापासून कोणते झाड वाढेल, हे पेरणाऱ्याला कोठे दिसते?

१८१६ साली हॉल यांनी मुंबईत राहणाऱ्या मार्गरेट लुईस या इंग्रज स्त्रीशी विवाह केला. घर उभे राहिले, पण हवा सोसेना. १८२१ साली न्यूएल पटकीने वारले. सेलमला दीक्षा घेतलेल्या पाचांपैकी आता मुंबईत हॉल एकटेच उरले. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ साली मार्गरेटबाई दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. त्यांपैकी एक मुलगा प्रवासातच दगावला. दुसरा जगला आणि मोठेपणी पाळक झाला. हॉल मात्र कामासाठी मुंबईत थांबले. हा निर्णय योग्य होता का, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे नाही. त्याची किंमत त्यांच्या पत्नीने आणि लेकरांनीही भरली, एवढे मात्र विसरता कामा नये.

हॉल मुंबईत आले तेव्हा घाटावर पेशव्यांचे राज्य होते. १८१८ साली ते संपल्यावर आतल्या गावांच्या वाटा खुल्या झाल्या. मार्च १८२६ च्या आरंभी हॉल दोन ख्रिस्ती मुलांना सोबत घेऊन नाशिककडे निघाले. नाशिकला पोहोचून पाहतात तो पटकीची साथ भडकलेली. रोज माणसे मरत होती. अमेरिकेतून निघण्यापूर्वी हॉल यांनी थोडे वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. ते आजाऱ्यांमध्ये फिरले, औषध दिले, सुवार्ता सांगितली, पुस्तके वाटली. पुस्तके आणि औषधे संपत आली, तेव्हा ते परत फिरले.

१९ मार्चच्या रात्री ते वाटेवरच्या एका खेड्यात मुक्कामास थांबले. धर्मशाळेसारख्या एका उघड्या जागेत जमिनीवर आडवे झाले. आसपास पटकीने आजारी पडलेली माणसे होती. पहाटे चारच्या सुमारास त्यांनाही पटकीने गाठले. जवळचे उरलेसुरले औषध पोटात टिकले नाही. आपण जगणार नाही, हे त्यांनी सोबतच्या मुलांना शांतपणे सांगितले, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि २० मार्च १८२६ रोजी दुपारच्या सुमारास ते ख्रिस्तवासी झाले. वय ४१ वर्षे. त्या दोन मुलांनीच मोठ्या कष्टाने जागा मिळविली, खड्डा खणला आणि पेटीशिवाय, एका घोंगडीत गुंडाळून, आपल्या गुरूला मातीत ठेवले.

मुंबईतील तेरा वर्षांचा हिशेब मांडला तर काय हाती लागते? काही शाळा, एक छापखाना, आणि मराठी नवा करार. त्याची छपाई त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, १८२६ साली, पूर्ण झाली. मराठी लोकांची भरलेली मंडळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही. अहमदनगरचे काम १८३१ साली सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाला. ही सारी फळे नंतरची आहेत.

तरी एक गोष्ट त्यांनी नक्कीच साधली. १८१२ साली कलकत्त्यात उतरलेला, कोणालाही नको असलेला तो परका मनुष्य, १८२६ साली नाशिकच्या वाटेवर आजारी खेडुतांच्या शेजारी जमिनीवर झोपला होता. तो त्यांची भाषा बोलत होता, आपले औषध त्यांना देऊन चुकला होता, आणि त्याला मूठमाती देणारे हात या देशातल्याच मुलांचे होते. परकेपणा एका दिवसात सरला नाही. हुकुमांची वाट पाहता पाहता, अक्षरे गिरविता गिरविता, थट्टा सोसता सोसता, रोज थोडा थोडा तो सरत गेला.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी ही कथा मुलांना सांगताना नाशिकचा शेवट तेवढा सांगून थांबू नये. पहिली दोन वर्षेही सांगावीत. ज्या वर्गात चारच मुले येतात आणि त्यांतली दोन लक्ष देत नाहीत, त्या वर्गाच्या शिक्षकाला त्याच दोन वर्षांची आठवण उपयोगी पडेल. आणि परसवाड्यासारख्या गावी नव्याने गेलेल्या आपल्या तरुणाला मंडळीने पत्र लिहिले, तर त्याला पहिल्याच महिन्यात फळाविषयी विचारू नये. तेथल्या लोकांची बोली किती शिकलास, कोणाच्या घरी बसून जेवलास, एवढेच विचारावे. गव्हाचा दाणा जमिनीत पडला की काही दिवस वरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत शेतकरी उकरून पाहत नाही. तो पाणी घालतो आणि वाट पाहतो.